आमची पोर भूक सांगत नाही

भांडी भेट देणारे मी पुष्कळ पाहिले, पण भांड्याला बोलतं करणारा माणूस साऱ्या गोंदिया जिल्ह्यात एकच झाला, तो म्हणजे आमचे दवनीवाड्याचे मामा. लग्नात भांडं दिलं की लोक त्यावर आपलं नाव कोरून घेतात, उद्या कोणी विसरू नये म्हणून. मामांना ते मुळीच पटत नसे. "नाव कायले पायजे? ज्यानं देल्लन त्याले मालूम हाय, जिले देल्लन तिले मालूम हाय," असं म्हणत आणि नावाच्या जागी सरळ निरोप कोरून घेत. गोंदियाच्या बाजारात नावं कोरणारा एक जण बसायचा. मामा लांबून दिसले की तो मशीन बंद करून चहाला निघायचा. एकदा सापडलाच, तेव्हा हात जोडून म्हणाला, "मामाजी, ये बर्तन है या चिट्ठी?" मामा शांतपणे म्हणाले, "चिट्ठी फाटते, बापू. तू लिव."

घरच्या दुधाच्या उभ्या गंजावर "आधी वासराला" असं कोरलेलं. मामीच्या चहाच्या पातेल्यावर "घेणार का विचारू नये, ठेवावा." शेजारच्या पोरीला लग्नात पाण्याची गुंडी दिली, तिच्यावर काय, तर "सासूबाई, हिला पोहता येत नाही. तलावावर एकटी पाठवू नये." ती गुंडी डोक्यावर घेऊन पोर निघाली की वाचता येणारं अर्धं गाव काळजीनं तिच्याकडे बघत राही. मी चौथीपर्यंतच शिकलेली. पुढचं वाचन सगळं मामांच्या मांडणीवर झालं. त्यांच्याकडे गेले की मामी भांडी घासायची आणि मी वाचायची.

मग माझं लग्न झालं, कामठ्याला. मामांनी स्टीलचा हा एवढा मोठा डबा दिला. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मलाच विचारलं, "काय लिवलन वो तुया मामानं?" मी वाचलं आणि कानापर्यंत तापले. डब्यावर होतं, "आमची पोर भूक सांगत नाही. विचारावं." नव्या नवरीनं हे कोणत्या तोंडानं सांगावं? मी म्हटलं, "सप्रेम भेट."

दोनच दिवस टिकलं ते. शाळेतून आलेल्या नणंदेनं साऱ्या घरासमोर खणखणीत आवाजात खरं काय ते वाचलं. दीर तर पोट धरून हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या रात्री वाढताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भात घे आनखी. लाजू नोको." आणि मग रोजच विचारू लागल्या. भांडण झालं तरी विचारत. रागानं विचारत, पण विचारत. "जेवली का वो? का तेबी कोरून पायजे?"

मी मात्र डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला. आल्यागेल्यानं वाचू नये म्हणून.

पोळ्याला मामा आले. चहा घेता घेता त्यांची नजर मांडणीवर गेली. उठले, डबा फिरवला, अक्षरं बघितली, पुन्हा होता तसा ठेवला. मग हळूच विचारलं, "काऊन वो, अक्षर बरोबर नाही आलं काय?" मी काहीतरी पुटपुटले, धूळ बसते म्हणून. मामा "हो, बसते" म्हणाले. त्यानंतर त्यांनी ज्या ज्या लग्नात भांडं दिलं, ते कोरं दिलं. कोरणाऱ्यानं बोलावलं तरी हात हलवून पुढे जायचे म्हणे.

त्यांना सांगायचं होतं मला. आधी लाज वाटली, मग रोवणी आली, मग कापणी, मग लेकरं, मग सुना. मामा गेले या दिवाळीनंतर. तेरवीला गेले तेव्हा मामीला सगळं सांगितलं. मामी तशी फटकळच. "मले काय सांगून राहिलीस? ज्याले सांगाचं तो तं गेला," म्हणाली आणि पदर खोचून आत निघून गेली.

बस धरायची म्हणून मी तलावाच्या पाळीवरून निघाले. खाली बांध्यांत धानाची कापणी चालली होती. जवळपास कोणी नाही असं बघून मी मोठ्यानं सांगूनच टाकलं. मामा, अक्षर फार छान आलं होतं. सासूबाई गेल्या त्या सकाळीसुद्धा त्यांनी मला जेवणाचं विचारलं होतं. तुमची पोर एकही दिवस उपाशी झोपली नाही.

पाळीखालून विळा हातात घेऊन एक बाई वर आली. "कोनासंग बोलून राहिली वो, आजी?"

"मामासंग."

ती माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून हसली. "या उमरीत मामा हाय तुले? मोठी नशिबाची हायेस वो!"

"हो बाई," म्हटलं मी, आणि बस येईपर्यंत तशीच नशिबाची राहिले.