क्लॉडिनचा बिल्ला

ओडेट पेलटिएला शिबिरातल्या सगळ्या पोरी टरकून असायच्या, आणि खरं सांगायचं तर मीही. मी तिथली स्वयंपाकीण. एकोणतीस उन्हाळे शंभर-शंभर पोरींची पोटं भरली, शनिवारी घेवडा, रविवारी कोंबडी. ओडेटकडे तळं होतं. पंचेचाळीस उन्हाळे ती गळ्यात शिटी अडकवून लाकडी धक्क्यावर उभी राहिली. आमच्या गिरणगावातल्या निम्म्या बायका तिच्याच हाताखाली पोहायला शिकल्या.

हे शिबिर एकोणीसशे तेवीस साली वॉडलीबाई नावाच्या मास्तरणीनं काढलं. आमचं गाव नदीकाठचं, आणि पोहता एकीलाही येत नव्हतं. गिरणीच्या पुलावरून दोन पोरी पडल्या तेव्हा काठावर कामगारांची अख्खी पाळी उभी होती, उतरलं कोणी नाही. बाईंनी पुढच्याच जूनमध्ये तळ्याकाठी सहा तंबू ठोकले. गिरणी कामगारांच्या पोरींना दोन आठवडे तरी कापसाच्या तुसाशिवाय श्वास घेता यावा आणि घरी जाताना पोहता यावं, एवढाच त्यांचा हेतू होता. दर रविवारी घरी पत्र लिहायचं, ते दाखवल्याशिवाय रात्रीचं जेवण नाही, हा नियमही त्यांचाच.

दुसरा नियम बिल्ल्यांचा. धक्क्यावर एक फळी, तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी. प्रत्येकीचा लाकडी बिल्ला असतो. पाण्यात उतरताना तो खालच्या ओळीत लावायचा, बाहेर आलं की वरच्या. खालची ओळ रिकामी झाली की सगळ्या बाहेर आल्या असं समजून जेवणाची घंटा व्हायची. मुक्काम संपला की बिल्ला घरी न्यायचा.

आपला बिल्ला आपल्याच हातानं लावायचा, यावर ओडेट हटून बसायची. एकदा एका आठ वर्षांच्या चिमुरडीनं मैत्रिणीचा बिल्ला लावून दिला, तर हिनं तिला दुपारभर बाकावर बसवलं. माझं टाळकंच सटकलं. लाकडाच्या टिकलीसाठी लेकराला रडवतेस, तुला काळीज आहे का, असं मी सगळ्यांदेखत विचारलं. ती आठवडाभर जेवायलाही आली नाही, मग मीच ताट झाकून नेऊन ठेवलं.

वरच्या ओळीत एक बिल्ला मात्र कायमचा लटकलेला होता. एकेचाळीस नंबर, क्लॉडिन थेरिओ. अडुसष्टच्या जुलैत ही बारा वर्षांची पोर बुडाली. जेवणाच्या टेबलावर तिची जागा रिकामी दिसली तेव्हा शोधाशोध झाली. बिल्ला वरच्या ओळीत होता, म्हणजे पोर बाहेर आली होती आणि मग कुणाला न सांगता चोरून परत गेली, असं सगळ्यांनी धरलं. गावातही तेच पसरलं. हट्टी होती हो, असं लोक अजून म्हणतात.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये शिबिर बंद झालं. जमीन विकली गेली. शेवटच्या दिवशी पोरी आपापले बिल्ले घेऊन गेल्या आणि फळीवर एकेचाळीस नंबर तेवढा उरला. तो क्लॉडिनच्या आईला नेऊन द्यायचं ओडेटनं अंगावर घेतलं. गाडी मी चालवली.

अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, "बर्निस, तो बिल्ला मी लावला होता."

मी गाडी कडेला घेतली. तेव्हा ओडेटही शिबिरातली पोर होती; ती आणि क्लॉडिन, दोघी मैत्रिणी, एकत्र पोहत होत्या, एकाच वयाच्या. ओडेट आधी बाहेर आली आणि जाता जाता दोघींचे बिल्ले वर लावून जेवायला पळाली. पोरी करतात तसं, मैत्रिणीचं काम हलकं करायचं म्हणून. नंतर तोंड उघडायचा धीर झाला नाही. अठराव्या वर्षापासून ती दर नाताळला ब्लूबेरीचा मुरंबा घेऊन त्या माउलीकडे जायची, आज सांगायचंच असं ठरवून, आणि चहा पिऊन परत यायची. आता म्हातारी त्र्याऐंशीची झाली होती. मी म्हटलं, नको सांगूस बाई, जखमेवरची खपली कशाला काढतेस? ती म्हणाली, मग क्लॉडिन चोरटीच राहील.

मिसेस थेरिओंनी बिल्ला ओंजळीत घेतला. कपाटातून एक पिवळं पडलेलं पत्र काढून त्याच्याशेजारी ठेवलं. क्लॉडिनचं रविवारचं पत्र, ती गेल्यावर दोन दिवसांनी टपालानं आलेलं. त्यात एवढंच होतं, की जेवण बरं आहे, मोजे पाठव.

मग ओडेटनं सगळं सांगितलं. एका दमात, मान खाली घालून. मी भिंतीकडे बघत होते.

 म्हातारी म्हणाली, "म्हणजे ती चोरून गेली नव्हती."

"नाही."

"शवपेटीपाशी उभी राहून मी तिला रागावले होते. माझं ऐकलं नाहीस म्हणून." तिनं बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. "तू आपणहून लावलास, की तिनं सांगितलं?"

"तिनं सांगितलं. 'माझाही लाव, मी आलेच.'"

"कशी म्हणाली?"

"हसत. पाण्यात पाठीवर पडली होती."

मिसेस थेरिओंनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ओडेटचा बांध फुटला आणि मलाही रडू आवरेना. म्हातारीच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं.

"बिल्ल्याचं मी मनात धरत नाही," ती म्हणाली. "बारा वर्षांचं पोर होतीस तू. पण एक्कावन्न वर्षं मी मोज्यांवर काढली, ओडेट. दर नाताळला तू या खुर्चीत बसलीस, आणि माझ्या लेकीचं शेवटचं वाक्य तुझ्यापाशी होतं. ते माझं होतं गं."

ओडेटनं यंदाचा मुरंबा टेबलावर ठेवला होता. म्हातारीनं तो उचलला, तिच्या हातात परत दिला आणि दारापर्यंत आम्हाला सोडायला आली.