कडूवहिनीच्या फोनची कडी

ताडकळसात कोणाच्या घरी काय शिजतंय ते माझ्या गिरणीवर आधी कळतं, त्या घरच्या चुलीला नंतर. यात माझी काही करामत नाही. दळण टाकून माणसं उभी राहतात, उभी राहिली की बोलतात, आणि गिरणीच्या घरघरीत हळू बोललेलं ऐकू येत नाही. गुपितसुद्धा ओरडूनच सांगावं लागतं. पंचवीस वर्षं मी गावाचं पीठ आणि गावाची गुपितं एकाच पट्ट्यावर दळतोय.

एक बाई मात्र अशी, की तिचं माझ्या चाळणीत कधी काही सापडलं नाही. तीही लांबची नव्हे. आमची भिंतीला भिंत. कडूबाई.

तिच्या आईची आधीची तीन लेकरं जगली नाहीत, म्हणून चौथीचं नाव कडू ठेवलं. मरणानं तोंडात घातलं तरी थुंकून द्यावं, असा हिशोब. वहिनी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. अंगानं वाळक्या शेंगेसारखी, पण शंभर पोरांचं पातेलं एकटी उतरवते. मी वाटेत गाठून म्हणायचो, "वहिनी, आज खिचडीत बोट बुडवलं का? पोरं कडू लागली म्हणायलेत."

"तुमच्या जिभेची चव आसंल ती, भाऊजी," असं म्हणून ती पुढं निघून जायची. थांबायची नाही. माझ्यासमोर थांबणं तिनं पाच वर्षांपूर्वीच सोडलं होतं, आणि त्याला कारण मीच.

तेव्हा तिचा नवरा सूर्यभान होता. नवरा-बायको आणि लेक राणी, तिघं ऊसतोडीला गेले. परत आले ते दोघंच. राणीनं तिकडं एका ट्रॅक्टरवाल्याशी लग्न लावलं होतं. सूर्यभाननं पारावर उभं राहून सांगितलं, "आमाला लेक न्हाई." बस, एवढंच. पण एवढ्यावर माझी गिरणी कशी चालणार? मी त्याला तिखटमीठ लावलं, ट्रॅक्टरवाल्याला मिशा लावल्या, राणीला ट्रॉलीत बसवून वरात काढली, आणि महिनाभर प्रत्येक दळणासोबत फुकट वाटलं. लोक हसले. एके दिवशी रांगेत कडूवहिनी डबा घेऊन उभी होती, ते मी पाहिलंच नव्हतं. तिनं डबा उचलला आणि न दळताच घरी नेला. वर्षभरानं सूर्यभान काविळीनं गेला, तेव्हाही राणी आली नाही. तिला कळवायचं कुठं, हेच कोणाला माहीत नव्हतं. डबा उचलून नेला त्या दिवसापासून वहिनीनं राणीचं नाव माझ्यासमोर घेतलं नाही. मीही समजलो, की विषय संपला.

यंदाच्या आषाढात मात्र ती आपणहून गिरणीवर आली. "भाऊजी, तुमाला मोबाईलमधलं कळतंय म्हणं. एक घेऊन द्या."

मला कळतंय ही अफवा मीच पसरवली होती. लगेच तिला घेऊन पूर्णेला गेलो. दुकानदार कॅमेरा, बॅटरी, काय काय सांगायला लागला. वहिनीनं सगळं ऐकून एकच विचारलं, "ह्यात बोलणाऱ्याचं तोंड दिसतंय का?"

"या वयात कोणाचं तोंड बघायचंय, वहिनी?" मी म्हणालो.

"तुमचं तर न्हाई."

दुकानदार हसला. त्यानं फोनसोबत नवीन सिम फुकट देऊ केलं, तर वहिनीनं जुन्या बटणाच्या फोनमधलं सिम मुठीत गच्च धरलं. "नंबर ह्योच पायजे. दुसरा फुकट आसला तरी नगं." मी म्हणालो, जसं काही दिल्लीहून फोन येणार आहे.

दुसऱ्या दिवशी लाईट नव्हती, गिरणी बंद. आम्ही ओट्यावर बसून फोन सजवायला घेतला. नवरीला नटवावं तसा. मी एकेक अ‍ॅप दाखवायचो आणि ती भाजी निवडावी तसं निवडायची. पंचांग ठेवलं. भजनाचं ठेवलं. हवामानाचं दाखवलं, तर म्हणाली, "मान वर केली की आभाळ दिसतंय, त्याला मोबाईल कशाला?" पैसे पाठवायचं अ‍ॅप तिला नको होतं. फोटोत तोंड गोरं करायचं दाखवलं, तर म्हणाली, "ते राजेश्रीच्या मोबाईलात घाला." राजेश्री म्हणजे आमची मंडळी. त्या रात्री मला घरी जेवण गार मिळालं, ते वेगळं.

अक्षरं मोठी केली. व्हिडिओ कॉल कसा उचलायचा ते तीन वेळा शिकवलं, तर तिनं सात वेळा करून बघितलं. रिंगटोनला मात्र तिनं कुठलंच गाणं घेऊ दिलं नाही. "जुना वाजायचा तसाच वाजू द्या. लांबून वळखू आला पायजे."

शेवटी म्हणालो, "मागं फोटो कोणता लावू? विठोबा की शंकर?" ती उठून आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली ती शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो घेऊन. दोन वेण्या, राणी, इयत्ता सातवी. त्याचा फोटो काढून मी लावून दिला. जिभेवर एक वाक्य आलं होतं, ते गिळलं. तेव्हा गिळण्याऐवजी नीट विचारलं असतं, तर पुढचं झालं नसतं.

मग फोन वाजायला लागले. कोणी कर्ज द्यायला बसलेलं, कोणी विमा काढायला, कोणाला तिचा प्लॉट घ्यायचा. वहिनी शाळेत पातेल्यात पळी सोडून धावायची, पदराला हात पुसायची, आणि "हॅलो" म्हणताना तिचं तोंड असं काही व्हायचं की बघणाऱ्यानं दुसरीकडे बघावं. पलीकडून रेकॉर्ड केलेली पोरगी बोलायला लागली, की ती हळूच फोन खाली घ्यायची. एकदा अशात खिचडी बुडाला लागली. हेडमास्तर विष्णुपंत बोलले, आणि तेही पोरांसमोर.

ती माझ्याकडं आली. "बेजार झाले भाऊजी. हे फालतू फोन बंद व्हायचं काही हाय का?"

"हाय की. दाराला कडी असती का न्हाई? तशी फोनला कडी लावून देतो." अनोळखी फोन अडवायचं एक अ‍ॅप मला कोणीतरी दाखवलं होतं. ते टाकलं. ज्यांची नावं फोनमध्ये आहेत त्यांचेच फोन वाजतील, बाकीचे ते आपोआप कापून टाकील. मी नावं विचारत गेलो आणि ती चिठ्ठीवरून नंबर सांगत गेली. पेडगावची बहीण कमलबाई. विष्णुपंत. दूधवाला. शाळेतली दुसरी बाई. आमचं घर. दवाखाना.

"आणखी कोणी?"

ती फोनवरच्या दोन वेण्यांकडं बघत राहिली.

"वहिनी, आणखी कोणी ओळखीचं?"

"नंबर आसलेलं न्हाई कोणी," ती म्हणाली.

मला वाटलं, सहाच माणसं, गरिबाचा गोतावळा. मी बटण दाबलं. कडी बसली. फोन गप्प झाला, खिचडी लागायची थांबली, आणि मी गिरणीवर आठवडाभर माझी हुशारी सांगत बसलो.

पंचमी आली. आमच्याकडं पंचमी लेकींची. माहेरहून भाऊ नाहीतर बाप लेकीला आणायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. गल्लीत झोके बांधले होते, घरोघरच्या लेकी आलेल्या. वहिनी मात्र सकाळपासून ओट्यावर, समोर पाटावर फोन. जणू देव मांडला होता. मी जाता-येता टोमणा मारला, "नागाला दूध पाजायचं सोडून मोबाईलला पाजायलाव का?" तिनं ऐकलं नाही. दुपारी तिथंच. दिवे लागले तरी तिथंच. राजेश्रीनं पुरणाचं ताट नेलं, ते झाकलेलंच राहिलं.

चौथ्या दिवशी ती गिरणीवर आली. डबा नव्हता. फक्त फोन.

"भाऊजी, आलेला फोन न वाजता जाऊ शकतो का?"

"आपली कडी हाय ना. फालतूवाले बाहेरच्या बाहेर." मी अडवलेल्या फोनची यादी काढून दाखवली. बघा, किती चोर आले होते. सगळे कर्जवाले. मधेच पंचमीच्या तारखेला एकाच नंबरवरून सव्वाअकराच्या सुमाराला ओळीनं फोन. "हा कोण एवढा चिकट पाहुणा?" मी हसलो.

"किती डाव हाय?"

"तीन."

ती गव्हाच्या पोत्यावर खाली बसली. मी गिरणी बंद केली. पट्टा फिरून फिरून थांबला. मग ती बोलली, आणि पाच वर्षांचं तिचं एकुलतं गुपित मला गिरणी बंद असताना कळलं.

राणी गेली तेव्हा मायलेकींचं कारखान्याच्या वाटेवर ठरलं होतं. राणीकडं स्वतःचा फोन नाही, नवरा ठेवू देत नाही. कोणाचाही मागायचा आणि मिस कॉल द्यायचा. मिस कॉलला पैसे पडत नाहीत, म्हणून परका माणूसही नाही म्हणत नाही. एक वाजला तर समजायचं, बरी आहे. दर पंचमीला एक यायचा, दर वेळी वेगळ्या नंबरवरून. चार पंचम्या आले. आणि ओळीनं तीन मिस कॉल वाजले तर समजायचं, मुराळी पाठव. मला न्यायला ये. "तू लगीच उलटा लाव, मी त्या माणसाजवळच उभी राहीन, म्हणाली व्हती."

"मला सांगायचं तरी वहिनी."

"तुमाला?" ती म्हणाली. एवढंच. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मी नंबर लावला. फोन मोठ्यानं बोलेल असा केला. एका बाप्यानं उचलला. मी पंचमीच्या दिवसाचं विचारलं.

"हां हां, त्या ताई व्हय. करमाळ्याच्या स्टँडवर. हातात कापडी पिशवी, कडेला पोरगी. म्हणल्या, दादा, मिस कॉल मारू द्या, माझी आई उलटा लावती."

"मग?"

"मग काय, तुमीच कापत व्हता की. वाजतोय न वाजतोय तोवर कट. तीनदा तसंच. मी म्हणलं, कामात आसतील. थांबा जरा, लावतील. माझी गाडी लागली व्हती, ती बी सोडली मी."

"ती काही बोलली का?"

"म्हणल्या, आईनं वळखलं, म्हणून कापला."

वहिनीनं माझ्या हातातला फोन तोंडाजवळ ओढला. मला वाटलं, आता विचारील, कुठं गेली, कोणीकडं गेली. तिनं विचारलं, "पोरगी केवढी हाय?"

"दीड-दोन वर्साची आसंल."

"बरं," ती म्हणाली. आपल्याला नात आहे, हे तिला असं कळलं.

कोणीकडं गेली, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याला पुढची गाडी मिळाली, तेव्हा ती तिथंच उभी होती.

आम्ही करमाळ्याला गेलो. दोन दिवस स्टँडवर, चहावाल्यांना, कंडक्टरांना, झाडणाऱ्या बायांना फोनवरचा फोटो दाखवत फिरलो. आमच्याकडं दुसरा फोटो नव्हता. लोक दोन वेण्या बघायचे आणि हळहळायचे, "एवढंसं लेकरू हरवलं का हो?" वहिनी सांगायची, आता मोठी हाय, तिच्या कडंला पोरगी हाय. लोक माझ्याकडं बघायचे, ही बाई बरी आहे ना, अशा नजरेनं. पोलीस चौकीत वर्णन लिहून घेतलं. वहिनीला आत्ताचं वर्णन सांगताच येईना. शेवटी तिनं वेण्यांचंच सांगितलं.

परत आल्यावर तिनं फोन माझ्यापुढं ठेवला. "काढा सगळं. पंचांग, भजन, सगळं. निस्तं वाजू द्या."

मी कडी काढली. पंचांग काढलं, भजन काढलं. एकेक काढताना मोबाईल विचारतो, नक्की काढायचं का. दर वेळी मी हो म्हटलं. करमाळ्याच्या त्या माणसाचा नंबर सातवा म्हणून ठेवला. तो आता वहिनीचा फोन उचलत नाही. पहिले पंधरा दिवस उचलायचा बिचारा.

मी गिरणीवर हल्ली फारसं बोलत नाही. लोक म्हणतात, लिंबाजीला कोणाची नजर लागली. वहिनी दळणाला येते आणि आता थांबते. तिचा फोन वाजला की मी गिरणी बंद करतो, रांगेतले कुरकुरतात, कुरकुरू देतो. ती पदराला हात पुसते, फोन कानाला लावते.

"हॅलो. राणी का?"

पलीकडून ती रेकॉर्ड केलेली पोरगी सुरू होते, आपल्यासाठी खास योजना वगैरे. वहिनी मधे कापत नाही. शेवटपर्यंत ऐकून घेते, आणि पोरगी गप्प झाली की सावकाश सांगते, "माय, मी कापला न्हाई."

मग फोन पलीकडूनच बंद होतो. ती तो कानाला तसाच धरून थोडा वेळ उभी राहते. मग मला हातानं खूण करते, आणि मी गिरणी चालू करतो.