बंद केलेला दुसरा प्रोसेसर

मंडळी, कोलशेतच्या कारखान्यातून आत्ताच डोंबिवलीला परतलेय. डोकं नुसतं भणभणतंय.

तिथला सर्व्हर, आमच्याच कंपनीचा कोड असलेला, लटकलेला. कर्नलमधली, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातली, नेटवर्क कार्डांची यादी एक प्रोसेसर वाचत होता, तेवढ्यात दुसऱ्याने त्यातलं कार्ड काढून टाकलं. यादी नुसती वाचतानाही लॉक घ्यायला हवं, म्हणजे तोवर दुसरा कुणी ती बदलणार नाही, हे मी आधीच सांगितलेलं. तेव्हा आमचे सर म्हणाले, "स्पीड मरेल गं. आपल्या मशीनवर कुठे लटकतंय?"

अहो, ऑफिसातल्या त्या मशीनला प्रोसेसरच एक!

आज फोनवर म्हणाले, "दुसरा प्रोसेसर बंद कर. बोलू नकोस कुणाला."

केला बंद. सर्व्हर चालू झाला, पण अर्ध्या ताकदीवर, आणि आमची चूक तशीच आत. तिथले कॉम्प्युटर सांभाळणारे काका "ताई, वाचवलंत!" म्हणत गेटपर्यंत सोडायला आले.

तुम्ही असता, तर त्या गेटवर तोंड उघडलं असतं का?