माझ्या नावावरचं बाळंतपण

घटस्फोट झाला त्या दिवशी मी ठरवलं होतं की या कोर्टाची पायरी पुन्हा चढायची नाही. काही वर्षांनी मी त्याच पायऱ्यांवर, पानाच्या पिचकाऱ्या चुकवत उभी होते. स्वतःच्या कामासाठी आले असते तर एक वेळ समजण्यासारखं होतं. मी आले होते ती माझ्या आधीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोसाठी. हे कुणाला सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग मला थोर वगैरे म्हणायला लागतात. थोर काही नाही. मला किळस आली होती, आणि किळस आली की मला ती जागा धुतल्याशिवाय चैन पडत नाही.

तो भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात होता. लग्नात मी त्याला अहो म्हणत होते. लिहिताना तरी तेवढा मान द्यायची माझी इच्छा नाही. टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर होतं. घटस्फोट झाल्यावर ते अर्थातच त्याच्याकडे राहिलं आणि मी शेजारी सोनागिरीत एक खोली भाड्यानं घेतली. माहेरच्यांना वाटत होतं, मी निदान शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं. पण मी का जावं? मी शिकवायची ती शाळा शिवाजी नगरला, बस सोनागिरीहून थेट मिळायची, आणि तोंड लपवण्यासारखं मी काही केलेलं नव्हतं. आम्हांला मूल झालं नाही, एवढंच. त्याची आणि त्याच्या आईची त्यावर बोलून बोलून दमछाक झाली, तेव्हा दोघांच्या संमतीनं म्हणून जे काय असतं ते झालं.

पुढे त्यानं ग्वाल्हेरची मुलगी केली. बाजारात एकदोनदा ती दिसली होती. मला बघून ती भाजीच्या गाडीआड सरकायची आणि मी मुद्दाम तिथेच भाजी घ्यायची.

एका दुपारी तीच माझ्या दारात उभी. पोट चांगलं पुढे आलेलं, सातवा तरी असावा. चेहरा उतरलेला. मी तिला लगेच आत ये म्हटलं नाही, हे खरं आहे. पण पोटुशी बाई उन्हातून चालत आलेली. किती वेळ उभी ठेवणार? आत घेतलं, पाणी दिलं. मला वाटलं त्यानं हात उचलला असेल. तिनं पाणी संपवलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "ताई, दवाखान्यात मला तुमच्या नावानं बोलावतात."

मला आधी काही उमगलंच नाही. मग तिनं सांगितलं ते असं. टाउनशिपच्या दवाखान्यात जायचं तर कामगाराचं मेडिकल बुक लागतं. त्यात त्याचं नाव, खाली बायकोचं नाव, वय, नातं. फोटो वगैरे काही नाही. ह्या माणसानं कारखान्याला आपला घटस्फोट कळवलाच नव्हता. दुसरं लग्नही कळवलेलं नव्हतं. शेजारीपाजारी सगळं जाणून होते, पण कारखान्याच्या कागदोपत्री त्याची बायको अजून मीच होते. आणि ही पोर महिन्यामहिन्याला माझं नाव असलेलं पुस्तक घेऊन तपासणीला जात होती. नर्सनं माझं नाव पुकारलं की ही उठायची.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरेसं होतं. पण ते पुस्तक जुनंच होतं. त्यात माझी सगळी पानं होती. माझ्या तपासण्या, गोळ्या, इंजेक्शनं, दर वेळी डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं 'पुन्हा दाखवा'. मी किती वर्षं त्या बाकड्यावर बसले होते ते त्या पुस्तकातच लिहिलेलं होतं. आता डॉक्टरीणबाई नवीन आल्या होत्या. त्यांनी ती पानं उलटून बघितली आणि हिची पाठ थोपटली. म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या इलाजाला फळ आलं, आता वयाचं जरा सांभाळ. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. माझे ते सगळे महिने त्या माणसानं उचलून दुसरीच्या अंगावर घातले होते, आणि त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"माझं बाळ तुमच्या नावावर लागेल, ताई," ती म्हणाली. "जन्माच्या दाखल्यात आई म्हणून तुमचं नाव येऊन जाईल. मी ह्यांना बोलले, तर बोलले की नंतर बदलून घेऊ, आत्ता टेंशन नको घेऊ."

त्याला काय हो, टेंशन नव्हतंच. एवढे दिवस कळवलं का नाही म्हणून ऑफिसनं विचारलं असतं, कदाचित मेमो दिला असता. शिवाय पर्सोनेल सेक्शनमधले सगळे त्याचे कॅरमचे दोस्त. त्यांच्यासमोर बायको सोडली आणि दुसरी केली हे कागदावर कोण मांडणार? त्यापेक्षा दुसरीनं पहिलीच्या नावानं बाळंत व्हावं हे त्याला सोपं वाटलं.

तिनं स्वतःच त्या सेक्शनमध्ये जाऊन आडून आडून विचारून घेतलं होतं. लग्नाचं सर्टिफिकेट तिच्याकडे होतं. तेवढं तिच्या वडिलांनी हट्टानं काढून घेतलं होतं. हवी होती ती घटस्फोटाच्या डिक्रीची कोर्टाचा शिक्का असलेली नक्कल आणि त्याची सही. त्याची प्रत त्यानं कुठे टाकली होती देव जाणे. माझी माझ्या शाळेच्या कार्यालयानं जमा करून घेतलेली, त्यांच्याकडून मिळणार फक्त झेरॉक्स, आणि झेरॉक्स चालणार नव्हती. नक्कल ती मागू शकत नव्हती, कारण त्या दाव्यात ती कुणीच नव्हती. मागू शकणारे दोघंच होतो, तो आणि मी.

मी तिला म्हटलं, घरी जा आणि त्याला काही सांगू नकोस.

नक्कल शाखा म्हणजे एक लांब खोली, तिच्यात फायलींचे ढीग आणि ढिगांमागे माणसं. बाहेर झाडाखाली बसलेल्या टायपिस्टकडून अर्ज टाइप करून घेतला, कोर्ट फीची तिकिटं डकवली आणि खिडकीशी गेले. तिथल्या बाबूनं अर्ज वाचला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "दूसरी शादी करनी है क्या?" मी म्हटलं नाही. मग कशाला पाहिजे? अर्जात कारण नीट लिहिलेलं होतं, तरी त्याला तोंडून ऐकायचं होतं. मी रागानं सरळ सांगून टाकलं की माझ्या नवऱ्याची दुसरी बायको माझ्या नावावर बाळंत होणार आहे, ते थांबवायला पाहिजे.

त्यानं मागे वळून शेजारच्या टेबलवाल्याला बोलावलं, त्यानं आणखी एकाला. मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. एक जण म्हणाला, वाह मैडम, बैठे-बिठाए माँ बन रही हो, बनने दो. सगळे हसले. एकानं चहा मागवला आणि मलाही विचारलं. त्यांच्यात दुष्टपणा नव्हता, हेच मला जास्त लागलं. जेवणानंतर काहीतरी गंमत हवी होती, ती मी आणून दिली होती.

पण खोटं कशाला बोलू, त्या गमतीनंच काम झालं. माझ्यासारख्यांना तिथे महिनोन् महिने हेलपाटे पडतात. फाइल रेकॉर्ड रूममधून आलेली नाही, साहेब रजेवर आहेत, टाइपवाली बाई माहेरी गेली आहे. मला मात्र बाबू ओळखायला लागला. मी दिसले की म्हणायचा, आ गईं, बच्चा हुआ क्या? तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यानं नक्कल हातात ठेवली. द्यायच्या आधी त्यानं ती मोठ्यानं वाचून बघितली, सगळं बरोबर उतरलंय ना म्हणून. 'उभय पक्ष की कोई संतान नहीं है,' या ओळीवर त्यानं बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. रांगेतल्या माणसांनीही बघितलं. शिक्का ओला होता, तो पुसू नये म्हणून मला कागद उघडाच धरून बाहेर यावं लागलं.

उरली सही. ती घ्यायला त्याच्या घरी जायची माझी तयारी नव्हती. ज्या स्वयंपाकघरात मी इतकी वर्षं पोळ्या लाटल्या तिथे पाहुणी म्हणून बसून तिच्या हातचा चहा घ्यायचा आणि त्याची मनधरणी करायची, हे मला जमलं नसतं. म्हणून मी कारखान्याच्या गेटवर गेले. पाळी सुटायच्या वेळेला तिथे सायकली आणि स्कूटरींचा लोंढा येतो. तो आपल्या दोस्तांबरोबर स्कूटर ढकलत बाहेर आला आणि मला बघून जागच्या जागी थांबला.

मी कागद पुढे केले. नक्कल, लग्नाच्या सर्टिफिकेटची प्रत आणि नाव बदलायचा अर्ज. अर्ज तिनंच लिहून ठेवला होता, वळणदार अक्षरात. त्यानं एक नजर टाकली आणि हळूच म्हणाला, इथे नको, घरी ये. मी म्हटलं, इथेच. तो चिडला. नवरा-बायकोच्या मधे तू का पडतेस, तुझं यात काय जातंय, असं दबक्या आवाजात बोलायला लागला. दोस्त दोन पावलं पुढे जाऊन थांबले होते आणि कान टवकारून होते.

मी आवाज खाली आणला नाही. त्याला सांगितलं की सही नको असेल तर राहू दे. उद्या मी हीच नक्कल स्वतः नेऊन देते आणि सोबत लिहून देते की माझ्या नावावर कारखान्याच्या दवाखान्यात दुसऱ्याच बाईचा इलाज चाललाय. मग मेमो येतो की चार्जशीट, ते कॅरमच्या दोस्तांना विचारा.

त्यानं इकडेतिकडे बघितलं. मग स्कूटरच्या सीटवर कागद ठेवले, खिशातून पेन काढलं आणि तीन ठिकाणी सह्या केल्या. टोपण लावलं, पेन खिशात अडकवलं, कागद माझ्या हातात दिले. आता त्याचा रागही गेला होता. अगदी सहज, जुन्या दिवसांत भाजीत मीठ कमी आहे म्हणायचा त्या आवाजात तो म्हणाला, "तुझंच भलं होत होतं. कागदावर का होईना, आई झाली असतीस."

त्याला वाटलं असेल की आपण काही चांगलं बोललो. उत्तराची वाट न बघता त्यानं स्कूटरला किक मारली आणि दोस्तांच्या मागोमाग निघून गेला. मला ओकारी आली. खरंच आली, गेटजवळच्या नळावर जाऊन मी चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. आणि तिथे वाकलेली असतानाच माझ्या मनात आलं की हा विचार मला कधी शिवलाच नव्हता का? त्या दुपारी तिनं दारात येऊन सांगितलं, तेव्हा एक क्षण, अगदी एकच क्षण, मला तो दाखला डोळ्यासमोर दिसला होता. आई या रकान्यात माझं नाव. त्या क्षणाचीही मला किळस आली, आणि रडूही आलं.

कागद मी रात्र पडायच्या आत तिच्या हातात दिले. सेक्शनमध्ये थोडी कुजबुज झाली, त्याला ताकीदवजा मेमोही मिळाला म्हणे, पण तिच्या नावाचं नवीन पुस्तक वेळेत तयार झालं. मुलगी झाली. जन्माचा दाखला हातात आला तशी ती बाळंतिणीचा स्कार्फ बांधून, पोरीला घेऊन, रिक्षा करून माझ्याकडे आली. दाखला तिनं मला स्वतः वाचून दाखवला. आईचं नाव वाचताना तिला हुंदका आला आणि तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. मी पोरीला मांडीवर घेतलं. जावळ भरपूर होतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ताई, ह्यांनी सही कशी काय करून दिली? त्या दिवशी काही बोलले का तुम्हांला?"

मी म्हटलं, काही बोलला नाही, मुकाट्यानं करून दिली.

तिला बरं वाटलं. म्हणाली, मनानं वाईट नाहीत तसे. मी मान हलवली. संध्याकाळी तिला त्याच घरी परत जायचं होतं.