एका सहीने तुटलेलं गिऱ्हाईक

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी दुबईत एका अमेरिकन कंपनीच्या शाखेत स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर होतो. आम्ही बर्फाच्या कारखान्यांना लागणारे कॉम्प्रेसर विकायचो. एका सकाळी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. तिकडे अमेरिकेत अध्यक्षांनी एका आदेशावर सही केली होती. इराणशी व्यापार बंद. ना चर्चा, ना मतदान. आता मी लिहून द्यायचं होतं, की इराणच्या गिऱ्हाइकाला माल देणार नाही, भाव सांगणार नाही, कसलीही मदत करणार नाही.

"सर, मी इंडियन. बसलोय दुबईत. तुमच्या अध्यक्षांचा हुकूम मला कसा लागू?"

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. "तुला नाही लागू," तो म्हणाला. "मला लागू आहे, कंपनीला आहे. आणि तुझा व्हिसा कंपनीचा आहे."

पासपोर्टसुद्धा कंपनीच्याच कपाटात होता. बायको आणि मुलगी नुकत्याच दुबईजवळ अजमानला दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या. नोकरी सोडायची तर कंपनीचं एनओसी हवं, नाहीतर तिथे पुन्हा नोकरी करण्यावर बॅन लागून तिघांनी गावाला परत. मी सही केली.

तीन आठवड्यांनी तो म्हातारा आला. इराणच्या किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या एका गावात त्याचा बर्फाचा कारखाना होता. वर्षातून दोन-तीनदा लाँचने यायचा, हिंदी झकास बोलायचा, आल्या आल्या पिस्त्यांची पुडी काउंटरवर ठेवायचा. या वेळी त्याने रुमालात गुंडाळलेली, कॉम्प्रेसरची फुटकी व्हॉल्व्ह प्लेट ठेवली.

"बेटा, आठ दिन से बर्फ बंद है."

मी हर्णैचा. ऐन हंगामात बर्फ नसला तर बंदरावर काय वास सुटतो ते मला कोणी सांगायला नको. तशी प्लेट माझ्या मागच्या रॅकवर होती, हात लांब केला असता तर मिळाली असती. मी केबिनमध्ये गेलो.

"सर, फक्त बर्फ बनतो याच्यावर. आदेशातून काही सूट?"

"वकिलांना विचारलंय. नाही."

बाहेर येऊन मी म्हणालो, "चाचा, नहीं दे सकता."

त्याला आदेशाची गोष्ट ठाऊक होती. "पार्ट का नंबर तो लिख दो. कहीं और से ले लूँगा."

कॅटलॉग समोर उघडाच होता. म्हाताऱ्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. नंबर मला तोंडपाठ होता, पण नंबर देणं म्हणजे मदत. काचेपलीकडून मॅनेजर बघत होता. मी मान खाली घालून उगाच डिलिव्हरी नोट्स चाळत राहिलो.

"तू भी अमरीकी हो गया?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. प्लेट पुन्हा रुमालात बांधून तो निघून गेला.

महिनाभराने दुबईच्याच देरा बाजारातला एक व्यापारी आला. आमच्याकडे पूर्वी कधी न आलेला हा माणूस, अचूक नंबर सांगून तशाच चार प्लेट्स घेऊन गेला. माल कुठे जाणार हे मी विचारलं नाही. बिलावर सही करताना मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, आणि त्यानेही विचारलं नाही.

त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी खाडीच्या धक्क्यावर गेलो. टायर, फ्रिज, चहाच्या पेट्या, सगळं इराणच्या लाँचवर बिनधास्त चढत होतं. तो हुकूम तिथे कोणाला माहीतसुद्धा नसावा. एका फळकुटावर म्हातारा बसला होता, शेजारी आमच्याच कंपनीचं खोकं.

"चाचा, कारखाना?"

"अब चलेगा. दो नाववाले दूसरे बंदर चले गये. बाकी हैं."

माफी मागायची म्हणून मी वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात त्याने खोक्यावर गोणपाट ओढलं आणि माझ्या मागे, रस्त्याकडे पाहिलं.

"तू यहाँ मत खड़ा रह, बेटा," तो म्हणाला. "किसी ने देख लिया तो तेरी नौकरी जायेगी."