काळ्या खडकाखालचं रान

रतनबाईला सगळी वाडी ‘कावूनवाली’ म्हणायची. भाकरी कावून फुगते, दूध कावून नासतं, असं कशाचंही कारण ती विचारत बसायची. सासूने कपाळाला हात लावला, नवऱ्याने उत्तर द्यायचं सोडून दिलं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशातली गत.

घाटनांदूरच्या अलीकडची ही वाडी. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी सहकारी पाणीपुरवठा मंडळी काढली आणि सगळ्यांच्या विहिरीसाठी रतनबाईने ओढ्याकाठचा तुकडा दिला. नवऱ्यामागे तिच्याकडे तेवढंच बरं रान उरलं होतं. पाणी लागलं तर तिलाही वाटा होता. नाही लागलं, तर बाईच्या पदरात नुसता खड्डा.

सुरुंग लावून काळा खडक फोडत विहीर खोदणारा सटवा खाली गेला, आणि एके दिवशी त्याच्या पहारीला तांबडीलाल माती लागली. विटेसारखी भाजलेली. गडी घामाघूम होऊन वर आला.

“हरिबाआप्पा, खाली गाव हाय,” तो चेअरमनला म्हणाला. “जळालेलं गाव!”

यात सटव्याचं काही चुकलं नव्हतं. गावाच्या जुन्या पांढरीत, म्हणजे पूर्वीच्या वस्तीच्या जागी, खणलं की अशीच भाजकी माती निघायची, ती सगळ्यांनी पाहिलेली. मेलेल्यांच्या खालचं पाणी कोण पिणार? उद्या नारळ फोडून विहीर बुजवायची, असं बैठकीत ठरलं.

रतनबाईला रडू कोसळलं. पण रडता रडताही तिची खोड जागी झाली: वरचा एवढा खडक फोडावा लागला, मग गाव त्याच्याखाली शिरलं कसं? घरी येऊन तिने चक्क चूल उकरली. नांदत्या घरात चूल मोडू नये म्हणतात. सून ओरडत राहिली, ही खणत राहिली. चुलीच्या बुडाशी माती वर लाल, टणक होती. खाली फिकट. त्याखाली आपली साधी काळी.

सकाळी विहिरीवर हरिबाच्या हातात नारळ होता.

“सटवा, मला खाली सोड,” रतनबाई म्हणाली.

“न्हाई जमायचं, मावशी.”

“रान माजं हाय.”

रहाटाच्या दोराला बांधलेल्या पाटीत बसून ती उतरली. खडकाला टेकलेली माती सगळ्यात लाल होती, खाली खाली रंग उतरत गेला होता. तिने हाताने चाचपून पाहिलं आणि तिला एकदम हसूच आलं.

“भावजी,” खालूनच ती हरिबाला ओरडली, “गाव म्हनता, तर एक खापर कावून न्हाई? चिमूटभर राख कावून न्हाई? माज्या चुलीत जाळ वर, म्हून माती वर लाल. हितं बी तसंच हाय. आन वर काय हाय? खडक!”

“दगुड कुटं पेटतो का, वहिनी?”

“आता न्हाई. तवा काहिलीतल्या गुळावानी वाहत आला आसंल. मातीला धग बसली, वरून भार पडला, तिचं रूप पालटलं. हे गाव न्हाई, कवाचं तरी रान हाय! आन रानाच्या मातीखाली काय आसतं?”

“मुरूम,” सटवा म्हणाला.

“आन मुरमात?”

हरिबाने नारळ खाली ठेवला.

तांबडी माती ढासळू नये म्हणून तिला दगडांचा आधार दिला आणि काम पुढे चाललं. मातीखाली खरंच भोकाभोकाचा ठिसूळ मुरूम निघाला, आणि त्यातून पाणी पाझरलं. आधी गढूळ, मग नितळ. सटवा तिथेच बसून रडला.

पहिली कळशी देवीची. तो मान हरिबाने रतनबाईला दिला. ती कळशी घेऊन देवळाकडे निघाली, पण काठावरच्या तांबड्या ढेकळांच्या ढिगापाशी थबकली आणि सगळी कळशी तिथेच ओतली.

“लई भाजली बिचारी,” ती म्हणाली. “आदी हिला पाजते.”

त्या दुष्काळात कुणी ओंजळभर पाणी सांडलं तरी हरिबा शिव्या घालायचा. आज त्याने स्वतः दुसरी कळशी भरली आणि तिच्याच हातात दिली.