हद्दीपुढचं तिकीट

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही. एकदा सिन्नरहून परत येताना जीपमध्ये एका जुन्या मित्राला सांगायला म्हणून तोंड उघडलं होतं — आणि टोमॅटोच्या भावाचं काहीतरी बोलून गप्प बसलो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून आज जमेल असं वाटतंय. पण एकदम मुद्द्यावर येता येणार नाही मला. आधी अण्णा कोण होते ते सांगायला हवं.

अण्णा गायधनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनकडे इंजिनिअर होते. मी तिथंच स्टोअरमध्ये क्लार्क. माझ्याहून ते चौदा-पंधरा वर्षांनी मोठे, हुद्द्यानं तर कितीतरी. पण दुपारचा डबा माझ्या टेबलावर येऊन उघडायचे. कारण एकच — रेल्वे. मला लहानपणापासून वेळापत्रकं वाचायचा नाद. लोक कादंबरी वाचतात तशी मी ती वाचायचो. कुठल्या जंक्शनवर गाडी बदलायची, प्रवास मध्ये कुठं तोडता येतो, गोल फिरून येणारं एकच तिकीट कसं काढायचं — कॉलनीत कोणाला काशीला जायचं असो की रामेश्वरला, आधी माझ्याकडं यायचे. 'शरदला विचारा' हे कॉलनीतलं ठरलेलं वाक्य होतं. ते ऐकायला मला फार आवडायचं. किती, ते पुढं कळेलच तुम्हाला.

तरुणपणी अण्णांना ट्रेनिंगसाठी आठ महिने चेकोस्लोव्हाकियात पाठवलं होतं. पळसे गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितलेला. ज्या बाईंच्या घरी ते भाड्यानं राहिले त्यांचं नाव मारी. तिथं अण्णांना कावीळ झाली, तेव्हा या बाईंनी सहा आठवडे भाज्या उकडून त्यांना भरवल्या — पोटच्या मुलासारखं केलं. अण्णा त्यांना मारीआई म्हणत. त्यावर मालतीवहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, हटकून म्हणायच्या की देवीचं नाव असं घेऊ नका, साथ येईल. आणि स्वतःच हसायच्या. दर नाताळात तिकडून कार्ड यायचं, दिवाळीत इकडून पत्र जायचं. तीस वर्षं. बायकोला घेऊन येईन, असा शब्द अण्णा तिथं देऊन आले होते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ते निवृत्त झाले. मारीआई तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढं गेलेली. तिच्या नातवानं इंग्रजीत पत्र लिहिलं — आजी विचारते आहे, कधी येताय? अण्णा ते पत्र घेऊन माझ्याकडं आले. विमानाचं आणि व्हिसाचं मुंबईचा एजंट बघणार होता. "रेल्वेचं तू बघ, शरद," ते म्हणाले.

त्यानंतरचे चार महिने — खरं सांगू? — माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. दर रविवारी दुपारी मी नाशिकरोडला त्यांच्या नव्या फ्लॅटवर जायचो. टेबलावर युरोपचा नकाशा, तो गुंडाळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार डबे — साखर, चहा, पोहे, शेंगदाणे. वहिनी थालीपीठ लावायच्या आणि मधूनच हात पुसत येऊन विचारायच्या, आता कुठवर आलो? आम्ही कधी पॅरिसला असायचो, कधी स्वित्झर्लंडच्या घाटात. मला पासपोर्टही नव्हता. पण त्या टेबलाशी बसून मी जेवढा हिंडलो तेवढा नंतर कधी हिंडलो नाही.

एजंटानं रेल्वे पासची माहितीपत्रकं पाठवली होती. ती मी पाठच केली. सलग दिवसांचा पास वेगळा, दोन महिन्यांतले कुठलेही दहा दिवस निवडायचा वेगळा. पहिल्या गाडीत बसण्याआधी खिडकीवर पासवर शिक्का मारून घ्यायचा. ज्या दिवशी प्रवास, त्या दिवसाची तारीख चढण्याआधी शाईनं लिहायची. खाडाखोड केली तर पास बाद. वेगवान गाड्यांना पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे. पंचविशी ओलांडलेल्यांना पास पहिल्या वर्गाचाच — हे ऐकून वहिनी म्हणाल्या, म्हातारं होण्याचा हा पहिला फायदा. सुटी तिकिटं आणि पास यांचा खर्च मी शेजारी शेजारी मांडून बघितला. सुटी तिकिटं थोडी स्वस्तच पडत होती. पण पासात एक ऐट होती. एकच कागद खिशात ठेवायचा आणि देशामागून देश ओलांडत जायचं. मीच अण्णांना पास घ्यायला लावला. अख्ख्या युरोपला हा एक पास पुरतो, असं मी छातीठोक सांगितलं. माहितीपत्रकावर जवळपास तसंच छापलेलं होतं. जवळपास.

मारीआईच्या देशातलं प्राग, जिथं ती स्टेशनवर भेटायला येणार होती, ते अगदी शेवटी ठेवायचं, हेही माझंच. मारीआईची भेट झाली की मन भरून परत फिरता येईल, म्हटलं.

पास आला तो निघायच्या बारा दिवस आधी. सोबत नियमांची पुस्तिका होती. वाचून ठेव म्हणून अण्णांनी ती मला दिली. संध्याकाळी गच्चीवर बसून मी ती उघडली. आत एक छोटा नकाशा — पास चालणारे देश निळे रंगवलेले. फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, सगळे निळे. आणि त्यांच्या मधोमध चेक देश, प्राग जिथं आहे तो — पांढरा. मी यादी वाचली. परत वाचली. बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचली. पास जर्मनीच्या हद्दीपर्यंतच होता. हद्दीपुढचं तिकीट वेगळं, आणि ते गाडीत बसण्याआधी काढायचं.

किती सोपं होतं ना? अण्णा, माझी चूक झाली, शेवटच्या टप्प्याचं तिकीट आधी काढून घ्या — एक वाक्य. रविवारी मी तेच सांगायला गेलो. पण घर भरलेलं. पळशाहून अण्णांचे भाऊ आलेले, कॉलनीतली मंडळी आलेली. मी आत शिरलो तसा अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं की हा माणूस देशाबाहेर कधी गेला नाही, पण युरोपची रेल्वे याला तोंडपाठ आहे. याच्या भरवशावर आम्ही निघालो. वहिनींनी पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला.

नंतर सांगू, असं म्हणत दिवस घालवले. मग स्वतःची समजूत घातली — आपल्याकडं टीसी गाडीतच पावती फाडतो, तिकडंही फाडेल. पुस्तिका पाकिटात घालून परत दिली. स्टेशनवर निरोप द्यायला गेलो, हार घातला, हात हलवला.

पुढचं मला वहिनींकडून कळलं. सगळा प्रवास छान झाला होता. शेवटच्या शनिवारी प्रागच्या गाडीत हद्द ओलांडल्यावर टीसी आला. पास बघून त्यानं मान हलवली, तिकिटाचे पैसे मागितले — त्याच्या देशाच्या चलनात. यांच्याजवळ फक्त ट्रॅव्हलर्स चेक. तो उद्धट नव्हता, पण पुढच्या स्टेशनवर उतरून तिकीट काढा म्हणाला. उतरले. गाडी गेली. पैसे बदलायची खिडकी बंद होती, ती दुपारी उघडली. त्यानंतरची गाडी आणखी तीन तासांनी. प्रागला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. मारीआई नातवाच्या मोटारीनं लांबच्या गावाहून येऊन दुपारच्या गाडीला उभी राहिली होती आणि थकून परत गेली होती. तिच्या घरी फोन नव्हता. दुसऱ्याच दिवशी जर्मनीतून यांचं विमान. अण्णा त्या स्टेशनवरचा एकेक बाक बघत फिरले, असं वहिनी म्हणाल्या. मारीआईसाठी येवल्याहून मुद्दाम विणून घेतलेला शेला तसाच पिशवीतून परत आला.

परतल्यावर आठवड्याभरानं अण्णा माझ्या घरी आले. रागावलेले नव्हते. पुस्तिका उघडून त्या पांढऱ्या देशावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "शरद, हे तुझ्या नजरेतून सुटलं का रे?"

बघा — त्यांनीच मला वाट करून दिली होती. सुटलं, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी माफ केलं असतं. माझी बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिच्यासमोर, त्यांच्यासमोर मला चुकलेला माणूस व्हायचं नव्हतं. मी म्हणालो, "अण्णा, मी सांगितलं होतं तुम्हाला. त्या रविवारी, पेढे वाटत होते तेव्हा बाजूला घेऊन सांगितलं. विसरलात का?"

पेढ्यांचं कुठून सुचलं? माहीत नाही. पण त्या पेढ्यांमुळंच ते खरं वाटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग नजर खाली गेली. तो रविवार ते मनात शोधत होते, ते मला दिसत होतं. "सांगितलं होतंस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"मग माझ्याच डोक्यातून गेलं," अण्णा म्हणाले. चहा न घेताच उठले.

इथं थांबलं असतं तर? पण थांबलं नाही. वहिनी त्यांना फार बोलल्या. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवता आली नाही का, म्हणाल्या. पुन्हा त्यांच्याबरोबर त्या लांबच्या प्रवासाला गेल्या नाहीत. कोल्हापूरला जायचं तरी बहिणीबरोबर. त्या हिवाळ्यात नातवाचं पत्र आलं, मारीआई गेल्याचं. त्या दिवशी ती चार तास फलाटावर उभीच होती, बाकावरून गाडीची दारं दिसत नाहीत म्हणून बसली नव्हती, असं त्यानं लिहिलं होतं. अण्णांनी ते पत्र मला मराठीत करून वाचून दाखवलं. "माझ्या विसरण्यापायी," ते म्हणाले. मी समोर बसलो होतो. हातभर अंतरावर.

मग त्यांनी खिशात वही ठेवायला सुरुवात केली. गॅसचा नंबर कधी लावला, कोण भेटलं, काय बोलणं झालं — सगळं लिहायचे. कुलूप लावलं का ते बघायला जिन्यातून तीनदा परत फिरायचे. सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडलं. सिग्नल बघायला विसरलो तर, म्हणून स्कूटर विकली. ज्या माणसाला अख्ख्या टर्बाइनचे व्हॉल्व्ह क्रमानं तोंडपाठ होते, तो मला विचारायचा, "हे मी तुला आधी सांगितलं का रे?" सांगितलेलं नसायचं. त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती. हे जगात फक्त मला माहीत होतं.

एकदा त्यांना डॉक्टरकडं मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, आकडे म्हणून घेतले, महिने उलटे म्हणून घेतले. सगळं ठीक होतं. हे सुरू कधी झालं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा अण्णांनी प्रागची गोष्ट सांगितली. याला विचारा, असं म्हणून माझ्याकडं हात केला. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.

मी मान डोलावली.

त्यानंतर अण्णा सहा वर्षं होते. हृदयविकारानं गेले. त्या सहा वर्षांत मी किती रविवार त्यांच्या घरी गेलो असेन? दोनशे? अडीचशे? एकाही रविवारी ते वाक्य तोंडातून निघालं नाही. त्यांच्या शोकसभेत मी बोललो. अण्णांच्या विसरभोळेपणाचा एक हलकाफुलका किस्सा सांगितला, लोक ओल्या डोळ्यांनी हसले.

वहिनी आता पुण्याला मुलीकडं असतात. ऐंशी ओलांडली. मी महिन्यातून एकदा फोन करतो. मागच्या वेळी तब्येतीचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "शरदभाऊ, प्रागवरून मी यांना फार तोडून बोलले हो. कधी कधी झोपच लागत नाही. पण चूक त्यांचीच होती ना?"

मी पलंगावर बसलो होतो. घरात कोणी नव्हतं. कोणी ऐकणार नव्हतं, कोणाची लाज नव्हती.

"हो वहिनी," मी म्हणालो. "त्यांचीच होती."